हरलेल्या सामन्यांचे सर

बोरीच्या आमच्या शाळेत व्हरांड्यात एक काळा फळा आहे. रोजचा सुविचार त्यावर पाळीपाळीने शिक्षकांनी लिहायचा. आमच्या खेळाच्या सरांची पाळी आली की त्यावर वेळेचं महत्त्व नसायचं आणि आईवडिलांची सेवाही नसायची. ठळक अक्षरात एवढंच असायचं, ‘भारतीय महिला हँडबॉल संघ काल हरला.’ खाली ज्या देशाकडून हरला त्याचं नाव आणि दोन्हीकडचे गोल. पाळी नसली तरी सामना झालेला असला की दुसऱ्याचा सुविचार बाहीने पुसून ते हे लिहीत. प्रार्थनेला रांगेने जाणारी पोरं हा पराभव मोठ्याने वाचत जायची.

मुख्याध्यापकांनी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “सर, हा काय सुविचार आहे का?”

“तर काय हाय?”

“अहो, सकाळी सकाळी लेकरांच्या मनावर काय परिणाम होईल? देशाची बेअब्रू आहे ही.”

“देशाच्या पोरी खेळल्या, अन् कुत्रं इचारीना. पेपरात न्हाई, टीव्हीत न्हाई. निदान बोरीच्या फळ्यावर तरी खबर लागू द्या की साहेब.”

“मग जिंकल्यावर लिहा.”

“वाट बघायलोय,” सर म्हणाले.

तसा आमचा संघ कधीमधी जिंकायचाही. शेजारपाजारच्या लहान देशांना हरवायचा. सर तेही लिहायचे, पण बारीक अक्षरात. मोठ्या स्पर्धेत कोरिया-जपानसारखे संघ समोर आले की मात्र जे व्हायचं ते व्हायचं. दुप्पट गोलांनी हरणं ही नेहमीची गोष्ट होती. सरांना त्या पोरींची नावं, त्यांची गावं, कोण डाव्या हाताने फेकते, कोणाचा गुडघा दुखतो, सगळं माहीत होतं. नात्यातल्या मुलींसारखं बोलायचे त्यांच्याबद्दल. “हरियाणाची ती उंच पोरगी, काल लय दमली व्हती बिचारी.”

आम्ही हसायचो. मीही हसायचो. मी विज्ञान शिकवतो, सरांच्या शेजारचं कपाट माझं होतं, आणि शाळेत त्यांना मित्र म्हणण्यासारखा मीच एक होतो. तरी त्यांच्या पाठीमागे हसताना मी कधी मागे राहिलो नाही.

हँडबॉल आमच्या शाळेत कसा आला ते सांगितलं पाहिजे. संस्थेच्या अध्यक्षांनी एके वर्षी सरांना बोलावून सांगितलं, “ज्यात गर्दी न्हाई असा एखादा खेळ काढा. कबड्डीत जिल्ह्याला जायचं म्हणजे मरण हाय.” त्यामागचा हिशेब आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कमी शाळा खेळतात त्या खेळात वर जाणं सोपं, वर गेलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की नोकरीत खेळाडूंची जागा. सर स्वतः कबड्डीचे. हँडबॉलचा चेंडू त्यांनी तोवर हातात धरलेला नव्हता. आजूबाजूच्या दोनचार शाळांनीही याच हिशेबाने हा खेळ काढला आणि प्रमाणपत्रं मिळताच पोरांना विसरायला सांगितलं. आमच्या सरांना तेवढं जमलं नाही. ते खेळाच्या प्रेमात पडले.

गोलाचे खांब त्यांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जुन्या पाइपांचे करून घेतले. मैदान काळ्या मातीचं, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकतील अशा भेगा. भेगा बुजवायला सर सकाळी घमेलं घेऊन यायचे. परदेशी खेळाडू चेंडू हातातून सुटू नये म्हणून बोटांना काही चिकट लावतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं, आणि बाभळीचा डिंक भिजवून पोरींच्या बोटांना लावायला सुरुवात केली. खेळाच्या तासानंतर माझा तास असे. वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली असत.

सामने ते मोबाईलवर पाहायचे, पाण्याच्या टाकीखाली उभं राहून, कारण गावात तिथेच चांगली रेंज येते. समालोचन कुठल्या तरी अनोळखी भाषेत चाललेलं असे. एकदा मी विचारलं, “काही कळतं का सर?”

“न्हाई कळत. तेच बरं हाय. आपल्या पोरींना नावं ठेवीत असतील तरी समजत न्हाई.”

त्यांच्या आणखी एका सवयीने आम्हाला फार हसवलं. हँडबॉलमध्ये एखादा संघ गोलावर न जाता नुसताच चेंडू इकडून तिकडे फिरवत बसला तर पंच हात वर करतो. आता फेका, नाहीतर चेंडू दुसऱ्याला जाईल, अशी ती ताकीद. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापक लांबण लावायला लागले की सर शांतपणे हात वर करीत.

“बोला सर, काय विचारायचंय?”

“काही न्हाई. चालू द्या.”

हात मात्र वरच. मुख्याध्यापकांना त्याचा अर्थ कधीच कळला नाही. सरांच्या सेलूच्या घरी मी एकदा जेवायला गेलो होतो, तेव्हा वहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “मलाबी दावतेत हात. अन् हरायल्या त्या पोरी, जेवण आमचं गोड लागत न्हाई. तुमी तरी सांगा भाऊजी, हे असं कुणाच्या घरी असतंय का?”

सर खाली मान घालून जेवत होते. त्या दिवशीही सामना हरलेला होता.

मग ज्योती आली.

ज्योतीचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. दहा वर्षांची होईपर्यंत तीही त्यांच्याबरोबर फडात राहिली, नंतर मावशीकडे बोरीला ठेवली म्हणून शाळेत टिकली. दहावीला ती माझ्या वर्गात होती. सरांनी तिला गोलात उभं केलं ते एका गोष्टीमुळे. चेंडू तोंडावर आला की बाकीच्या पोरी डोळे मिटायच्या. ही मिटायची नाही.

“भ्या वाटत न्हाई का गं?”

“उसाची पानं डोळ्यात जायची सर. चेंडू तर मऊ हाय.”

सरांनी त्या दिवशी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि मला वर्गातून बोलावून नेलं, फक्त ही पोर बघा म्हणून.

हँडबॉलची गोली, म्हणजे गोल राखणारी, मोठी विचित्र असते. निम्म्याहून जास्त गोल खाऊनही ती उत्तम ठरू शकते, इतका तो खेळ वेगाचा आहे. सर म्हणायचे, “गोलीनं गेलेला चेंडू मोजायचा न्हाई. ती मोजायली की गेली.” ज्योतीला हे सांगावं लागलं नाही. पाठीमागे जाळ्यात गेलेला चेंडू ती वळून न बघता पायाने पुढे ढकलायची. अकरावीत ती राज्यापर्यंत खेळली, आणि बारावीत असताना राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं. अठरा वर्षं तिला नुकतीच पूर्ण झाली होती.

तो निरोप आला त्या दिवशी सर शाळा सुटल्यावर म्हणाले, “आपल्या गोलावर आपली पोर उभी राहील हो. हरल तरी आपली पोर हरल.” असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शिबिर दिवाळीनंतर होतं. तोडीची टोळीही तेव्हाच निघते. त्या वर्षी ज्योतीच्या आईची कंबर गेली. आमच्याकडे नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. ज्योतीच्या बापाने ठरवलं, आईच्या जागी पोरगी येईल.

सर आणि मी त्यांच्या घरी गेलो. बाप साधा माणूस. आम्हाला बसायला पोतं टाकलं, चहा केला. “आमी न्हाई म्हणत न्हाई सर. शिकू द्या, खेळू द्या. पर आर्धा कोयता मुकादम नेत न्हाई. तुमी मुकादमाला इचारा. तो हो म्हणला तर माझी काय दिक्कत न्हाई.”

मुकादम म्हणजे टोळी गोळा करून कारखान्याला नेणारा माणूस. गावात त्याचा शब्द मोडत नाहीत. परत येताना वाटेत मला एक कल्पना सुचली. मुकादमाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं. शाळेत प्रदर्शनी सामना ठेवायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, चार चांगले शब्द बोलायचे. माणूस फुगला की त्याच्याकडून काम करून घेता येतं, हे मी नोकरीत शिकलो होतो. सरांना ते रुचलं नाही. “मी जाऊन पाय धरतो त्याचे. सामना काहून दाखवायचा?”

“सर, तुम्हाला माणसं कळत नाहीत,” मी म्हणालो.

सामना झाला. मुकादम पांढऱ्या कपड्यांत, खुर्चीत पाय पसरून बसला होता. शेजारी मी. ज्योती त्या दिवशी अशी खेळली की मैदानाच्या कडेला बाया-बापे उभे राहिले. ढांगेत जाणारा चेंडू पायाने, कोपऱ्यातला बोटांच्या टोकाने, वरचा दोन्ही हातांनी. मुकादमाचं लक्ष इकडेतिकडे जायला लागलं की मी त्याच्या कानाशी लागत होतो. “पोरीचे हात बघा साहेब. असे हात जिल्ह्यात नाहीत.”

त्याने पाहिले. नीट पाहिले. “खरंच की,” म्हणाला. “टोळीतल्या गड्यालाबी ऐकायची न्हाई ही.”

मला वाटलं, काम झालं. भाषणात तो म्हणाला, “पोरीच्या बापाला सांगा, पोरीची काळजी आता माझ्यावर.” टाळ्या पडल्या. सरांनी पहिल्यांदाच माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांच्या बोटांना डिंक होता.

आठवड्याभरात ज्योतीचा बाप पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आला. मुकादमाच्या भाच्याला जोडी नव्हती. जोडी नाही म्हणून त्याचा कोयता अर्धा राहत होता. मुकादमाने स्वतःहून ज्योतीला मागणं घातलं, देण्याघेण्याची बात नाही, लग्नाचा खर्च त्याचा, आणि टोळी निघायच्या आत लग्न. बापाला मुकादम ट्रॅक्टरवर ऊस भरायला एकटाच घेणार होता, आणि आईला आता घरी बसून आराम करता येणार होता. बापाचे डोळे भरून आले होते. तो सरांच्या पाया पडला, मग माझ्या.

“तुमच्यामुळं पोरीचं कल्याण झालं सर. मुकादमाच्या घरात कोण इचारतं आमाला? तुमी सामना ठेवला म्हणून त्याच्या नजरंत भरली.”

सरांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी तोंडात घातला नाही, खालीही ठेवला नाही. मी माझा खाल्ला. बाप समोर उभा होता, आणि न खाणं मला अपमानाचं वाटलं. एवढं साधं कारण.

सर त्या संध्याकाळी मुकादमाकडे गेले, परत बापाकडे गेले, मग ज्योतीकडे. ज्योती म्हणाली, “आईची कंबर बघितली का सर तुमी? उठता येईना तिला.”  लग्नात आम्ही दोघे पंगतीला बसलो. हळदीने पिवळे झालेले हात घेऊन ती नमस्काराला आली तेव्हा तिने हळूच विचारलं, “सर, शिबिर पुढच्या वर्षीबी असतंय ना?”

“असतंय,” सर म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. शिबिर दरवर्षी असतंच.

त्यानंतर फळ्यावरच्या मजकुरात एका ओळीची भर पडली. हरलेल्या सामन्याच्या खाली सर लिहायचे, ‘ज्योती असती तर एवढे अडले असते.’ यासाठी ते टाकीखाली उभं राहून प्रत्येक गेलेला गोल पुन्हा पुन्हा बघत. हा तिने घेतला असता. हा नसता घेतला. हा कोणालाच जमला नसता. यात ते कधी लबाडी करीत नसत. मी त्यांना दिलासा द्यायचा म्हणून एकदा म्हणालो, “ती असती तर ही मॅच काढली असती सर.”

ते चिडले. “काहून काढली असती? ती असती तरी हरलोच असतो. जरा कमी हरलो असतो. तेवढंच हाय आपलं.”

नवी पोरं विचारायची, ज्योती कोण? कोणी सांगायचं, खेळताना मेलेली मुलगी आहे. कोणी म्हणायचं, सरांची मुलगी. सर कोणाचीच समजूत दुरुस्त करीत नसत. मुख्याध्यापक बदलले, नवे आले, तेही सांगून थकले. गोलातल्या नव्या पोरींना सर शिकवत, पण आता घमेलं घेऊन भेगा बुजवायला येत नसत. भेगांत पाय अडकून एका पोरीचा घोटा मुरगळला तेव्हा त्यांनी फक्त, “हळू पळा,” एवढंच म्हटलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. मी एकदा म्हणालो, “सर, पाहुणा बोलवायची कल्पना माझी होती. मला शिव्या तरी द्या.” ते म्हणाले, “तुमी चांगल्यासाठी केलं हो.” मला त्या दिवशी शिव्या हव्या होत्या.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी, चैत्रात, टोळ्या परत आल्यावर ज्योती बाजाराच्या दिवशी शाळेकडे आली. कडेवर मूल, दुसरं पदराला धरून. अंगाने वाळली होती. सर मैदानावर होते, मी व्हरांड्यात. मी धावत गेलो. सरांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी काही न विचारता मूल तिच्या कडेवरून घेऊन माझ्याकडे दिलं आणि चेंडू उचलला.

“हुभी राहा गोलात.”

“सर, लुगडं हाय.”

“हुभी राहा.”

ती हसत उभी राहिली. सरांनी फेकला, वरच्या कोपऱ्यात. तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. चेंडू जाळ्यात गेला. सरांनी दुसरा जरा हळू फेकला. हात तिथेच अडकला. तिसरा तर त्यांनी लहान मुलाकडे टाकावा तसा टाकला.

“न्हाई जात वर,” ती म्हणाली. “मोळ्या उचलून उचलून धरलाय खांदा. दवाखान्यात दावला व्हता. आराम करा म्हणाले.” आणि हसली.

चेंडू गोलात पडून राहिला. तिने तो पायाने पुढे ढकलला नाही.

मग तिने लेकरू माझ्याकडून घेताना सरांना विचारलं, “आपली टीम कशी खेळायली सर आता? मालकाच्या मोबाईलमधी मला काय घावत न्हाई. फडात हुभं राहून मी सगळ्यांना सांगते बगा, माझ्यावाचून अडलंय तिकडं, गोल खायल्यात नुसते. बाया हसत्यात.”

बोलताना तिच्या चेहऱ्यावर थोडी ऐट होती. मला ती दिसली. सरांना दिसली नाही, कारण ते तिच्या खांद्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, या पोरीच्या मनावर आता हे ओझं नको.

“लय भारी खेळायली टीम,” सर म्हणाले. “अगं, नवी गोली आली हाय. भिंत हाय नुसती. कोरियाला बी रडवलं तिनं. तू काळजी करू नको.”

ज्या माणसाने इतकी वर्षं एक गोल इकडचा तिकडे केला नाही, त्याचं हे बोलणं होतं. आदल्याच आठवड्यात आपण वाईट हरलो होतो. ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. “हो का सर?”

मी म्हणालो, “हो.”

तिने लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. “मंग बरं झालं की,” म्हणाली. “म्हंजे माझी काय गरजच नव्हती.”

 तिने दोघांना वाकून नमस्कार केला आणि पोरं घेऊन फाटकाकडे गेली. सर मैदानात उभे होते. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळायला मला लागला त्याहून जरा जास्त वेळ लागला. कळलं तेव्हा ते दोन पावलं तिच्या मागे गेले, आणि थांबले.

सर आता सेलूला असतात. गेल्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सामने बघणं बंद केलं होतं. “ज्या टीमला मी जिंकवून बसलो, तिला हरताना बघायचं तोंड न्हाई मला,” म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “तुमी तिला खरं सांगा. माझ्यानं होत न्हाई. सांगा की आपण हरायलोय. तुझ्यावाचून हरायलोय म्हणा.” मी शब्द दिला.

तिच्या नवऱ्याचा नंबर मी तिच्या मावशीकडून मिळवला. एकदा लावला, तर नवऱ्याने उचलला, आणि मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यांदा तिनेच उचलला. मागे ट्रॅक्टर सुरू होता, कोणी तरी तिला हाका मारत होतं. “कोण बोलायलंय?” ती दोनदा म्हणाली. मी कान लावून ऐकत राहिलो. हे सांगितल्यावर तिला बरं वाटेल की उरलेला जन्म टोचत राहील, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही, आणि अजूनही आलेलं नाही. “सर, तुमी हाव का?” ती एकदम म्हणाली. मी फोन बंद केला.